गौरीपुढची कोशिंबीर

तुंगाबाईंचा आवाज चढलेला खासबागेतल्या त्या गल्लीत कुणी कधी ऐकला नव्हता. सकाळी उठल्यापासून देवपूजा आटोपेपर्यंत त्यांचं मौन असे, आणि मौन सुटल्यावरही त्या इतकं हळू बोलत की समोरच्याला जवळ सरकून ऐकावं लागे. मंगळवारी गौर, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती; एकादशीला तर दिवसभर तुळशीच्या पानावर राहायच्या. गल्लीतल्या बायका आपल्या सुनांना त्यांच्याकडं बोट दाखवून म्हणत, "सासू असावी तर अशी." त्यांची सून विनोदिनी हे ऐके आणि डोक्यावरचा पदर नीट करी.

कारण ज्या आवाजात तुंगाबाई गौरीची आरती म्हणत, त्याच आवाजात त्यांनी तिला एकदा जेवताना विचारलं होतं, "तुझ्या आईला ठाऊक होतं का गं, वांझ पोर पदरी आलीय म्हणून? की आम्हालाच तेवढं सांगितलं नाही?" आणि विचारून झाल्यावर तिच्या भातावर आणखी तूप वाढलं होतं.

तुंगाबाई स्वतः या घरात दुसरेपणाच्या आल्या होत्या. थोरल्या बाईंना मूल होईना, तेव्हा थोरल्यांनीच चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तुंगाबाईंची ओटी भरली आणि सवत घरात घेतली. घराण्याची रीतच तशी. पहिलीनं आपल्या हातानं गौरीपुढं ओटी भरायची. ती भरल्याशिवाय दुसरी या उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि एकदा भरली की मग ब्रह्मदेवालाही नाही म्हणता येत नाही. थोरल्या बाई त्यानंतर वीस-एक वर्षं मागच्या पडवीत राहिल्या. त्यांचं पान नेहमी सगळ्यांच्या शेवटी मांडलं जायचं. विनोदिनीनं त्यांना पाहिलं नव्हतं, पण पडवीतल्या भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग अजून होता. तिथं टेकून बसून बसून पडलेला.

गेल्या चैत्रात तुंगाबाईंनी सवतीचा विषय काढला होता. विनोदिनी तीन दिवस जेवली नाही. तिचा नवरा उपेंद्र कचेरीत कारकून होता. भला माणूस, पण आईपुढं उभं राहायचं म्हणजे त्याला घाम फुटे. तो तिला एवढंच म्हणाला, "तू आपल्या हातानं ओटी भरल्याशिवाय मी बोहल्यावर चढायचा नाही. मग तर झालं?" एवढ्या शब्दावर विनोदिनीनं अख्खं वर्ष काढलं. आपण भरायची नाही म्हणजे नाही. हात आपलाच आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. चैत्रगौरीचा शुक्रवार उजाडला. उपेंद्र कचेरीला निघताना दारात घुटमळला.

"आज ती फळांची कोशिंबीर जरा जास्तच कर," चपलेकडं बघत तो म्हणाला.

"का? कोण येणार आहे?"

"हळदीकुंकू आहे. येतील की बायका." आणि तो घाईघाईनं पायऱ्या उतरला. छत्री विसरला तर परत घ्यायलासुद्धा आला नाही.

ही कोशिंबीर म्हणजे खरं तर विनोदिनीचं औषध. लग्नानंतर काही वर्षं गेली तसं तिला शहापुरातल्या वैद्यांकडं नेलं होतं. नाडी बघून ते म्हणाले, "अंगात उष्णता फार. कूस भाजून निघते. चैत्र-वैशाखात रोज ताजी फळं आणि कच्ची काकडी खायची, तळलेलं बंद, चहा बंद." तेव्हापासून ती दर उन्हाळ्यात हे करत आली. नुसती फळं घशाखाली उतरेनात म्हणून तिनं त्यात ओलं खोबरं घातलं, लिंबू पिळलं, जिरं भाजून कुटून घातलं. हळूहळू घरातले सगळे मागून खाऊ लागले. सासऱ्यांचं पित्त त्यानं बरं झालं, शेजारच्या राधक्कांच्या सुनेला डोहाळ्यात तेवढंच पचे, तिला मुलगा झाला. गल्लीत सगळ्यांना गुण आला. जिचं औषध होतं, तिची कूस तेवढी रिकामी राहिली.

सकाळीच पिरनवाडीची मालुबाई डोईवर पाटी घेऊन परसदारी आली. पाटीत काकड्या, एक पपई, कलिंगड, आणि पळसाच्या पानात गुंडाळलेली करवंदं नि काजूची बोंडं.

"बोंडं गुंजीच्या रानातली हायत वैनी, पोरगी काल माहेरास्नं घेऊन आली. लई ग्वाड. आणि ह्या काकड्या मातुर बघून घ्या. औंदा येलाला पानी कमी पडलंय. दोन-चार कडू असत्याल."

"आणि मग गौरीच्या दिवशी आणल्यास होय?"

"आता काकडी काय मला सांगून कडू हुती व्हय?" मालुबाई कमरेवर हात ठेवून हसली. "कडू निघाली तर टाकू नगा. सालपटाबरुबर बाजूला ठेवा. सांजच्याला पाटी न्यायला येतो तवा म्हशीला नेतो. ती खाती बिचारी, तिला कोन इचारतंय."

तुंगाबाई देवघराच्या दारात उभ्या होत्या. मौन होतं. त्यांनी बोटानं दाखवलं: एवढे द्रोण, आणि वर आणखी दोन. ते दोन कुणासाठी हे बोटाला सांगता आलं नाही.

विनोदिनी न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून, सोवळं नेसून स्वयंपाकघरात विळीवर बसली. गळ्यात काळी पोत, हातात काचेच्या चार बांगड्या, बाकी अंगावर काही नाही. नैवेद्याचं चाखायचं नाही हा घरचा दंडक. जिभेला लागलं की उष्टं झालं. मग कडू काकडी ओळखायची कशी? तर विनोदिनीला हाताला कळे. देठाकडची चकती कापायची आणि तिनंच काकडीचं तोंड घासायचं. पांढरा फेस येतो. तो नुसता पाण्यासारखा असला तर धुऊन टाकायचा, काकडी चांगली. पण फेस चिकट येऊन बोट उचलताना त्याला तार धरली, की ती काकडी आत खोलवर कडू. इतक्या वर्षांत तिचा अंदाज एकदाही चुकला नव्हता. त्या दिवशी दोन काकड्यांना तार धरली. तिनं त्या सालपटांच्या टोपलीत टाकल्या.

बाकीच्या तिनं चोचवून घेतल्या. बोंडं घसा धरू नयेत म्हणून चिरून मिठाच्या पाण्यात घातली. कलिंगडाच्या बिया काढत होती, तेवढ्यात उंबऱ्यापलीकडं कुणीतरी उभं राहिलं.

मुलगी सोळा-सतराची असेल. अंगावर कोरं जांभळं इरकली लुगडं, इतकं कडक की ते तिच्याआधी आत आल्यासारखं वाटत होतं.

"ताई, पाणी मिळेल का हो? मोटारीत धूळ खाऊन घसा पार वाळला की."

"त्या बाहेरच्या माठातलं घे. मी सोवळ्यात आहे. कुठून आलीस?"

"निपाणीहून. मावशी नि मी. मावशी बाहेर बसलीय, तुंगाबाईंचं मौन सुटायची वाट बघत. मला म्हणाली, आत जाऊन बस आणि तोंड उघडू नको." पाणी पिऊन तिनं तोंड पुसलं. "आता तोंड उघडल्याशिवाय पाणी कसं प्यायचं, ते नाही सांगितलं."

विनोदिनीला हसू आलं. त्या घरात तिला हसू येऊन बरेच दिवस झाले होते. मुलगी उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसली. नाव सुनंदा. आईबाप लहानपणीच गेले. मावशीचा नवरा तंबाखूच्या वखारीत मुनीम.

"मीठ आताच नाही घालायचं?" तिनं विचारलं.

"नाही. मीठ अगदी शेवटी. आधी घातलं की पाणी सुटतं, सगळं मरगळून जातं. केळंही शेवटी, नाहीतर काळं पडतं."

"शिकून ठेवते. मावशी म्हणते, स्वयंपाकघरात जाऊन नीट बघ, पुढं तुलाच करायचंय."

विनोदिनीचा हात विळीवर थांबला. "इथं?"

सुनंदानं मागं वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "कुणाला सांगायचं नाहीये. पण तुम्ही स्वयंपाकाच्या बाई, तुम्हाला कळणारच की. या घरी द्यायचीय मला. दुसरेपणाची. हुंडा नाही, काही नाही. उलट लुगडं त्यांनीच पाठवलं."

"आणि पहिली?"

"आहे म्हणे. पण तिला वेड लागलंय. माणसं ओळखत नाही, बोचकारते. मागच्या पडवीत कडी लावून ठेवतात." मुलगी उंबऱ्यावर ओणवी झाली. तिच्या डोळ्यांत खरोखरची भीती होती. "ताई, तुम्ही रोज इथं असता. ती रात्रीची ओरडते का हो?"

"नाही," विनोदिनी म्हणाली. "ओरडत नाही."

"मारते?"

"अजून तरी कुणाला मारलं नाही."

"मग बरं." मुलीनं श्वास सोडला. "मावशी म्हणते, वेडी माणसं फार जगत नसतात. वर्ष-दोन वर्षं काढायची. असं म्हणू नये खरं, पण मी आपली रोज देवापुढं दिवा लावताना तेवढंच मागते. लवकर सुटू दे बिचारीला." आणि ती हसली. वाईट मनाची नव्हती पोरगी. मरण मागत होती, पण दिवा लावून, हात जोडून.

"तुला चवीढवीचं फार आहे का गं?" विनोदिनीनं विचारलं. तिचा आवाज आता सासूच्या आवाजाइतका हळू झाला होता.

"मला? छे. मावशीकडं पानात काही टाकलं तर दुसऱ्या दिवशी तेच पुढं येतं. तिसऱ्या दिवशीही येतं." बाहेरून कुणीतरी हाक मारली. लुगडं सावरत ती उठली. "येते हं ताई. कोशिंबीर मला जरा जास्त वाढा!"

विनोदिनी विळीवर तशीच बसून राहिली. सगळं तिच्या ध्यानात आलं: वरचे दोन द्रोण, चपलेकडं बघणारा नवरा. हळदीकुंकवाला ओळीनं सवाशिणी बसणार, ओळीत बसलेल्या प्रत्येकीची ओटी ती खाली मान घालून भरत जाणार, आणि त्या ओळीत पदर पुढं ओढून ही पोर बसवलेली असणार. एरवी लग्न न झालेल्या मुलींच्या हातावर नुसते भिजवलेले हरभरे ठेवतात. ओटी कोण भरतंय त्यांची? पण ओळीत बसली ती सवाशीण. गडबडीत तोंड कोण बघतं? भरून झालं की झालं.

नाही म्हणावं? भरल्या घरात, गौरीपुढं, ओळीत बसलेल्या बाईची ओटी टाळायची? मग वेडी म्हणून कडी लावायला त्यांना निमित्तच मिळालं.

मग तिची नजर सालपटांच्या टोपलीवर गेली.

गौरीचा प्रसाद थुंकायचा नसतो. टाकायचा नसतो. ज्या पोरीनं सणाच्या दिवशी, सवाशिणींच्या देखत प्रसादाचा घास तोंडातून बाहेर काढला, तिला तुंगाबाई स्वतःच उंबऱ्याबाहेर काढतील. एवढे उपासतापास करणाऱ्या बाईला असला अपशकुन कसा खपेल? आणि कडू निघाली तर काय, नैवेद्याचं चाखत नाहीत, चूक काकडीची. पोरीची गल्लीत छी-थू होईल, निपाणीपर्यंत जाईल, मावशी तिचं काय करायचं ते करील. होऊ दे. दिवा लावून माझं मरण मागते.

तिनं त्या दोन काकड्या काढल्या. देठासकट चोचवल्या, फेस धुतला नाही. वर खोबरं भरपूर, दोन चिमट्या साखर, करवंदाच्या लाल फोडी. एक द्रोण वेगळा ठेवला. गौरीला मात्र चांगल्यातलाच नैवेद्य दाखवला. झोपाळ्यात बसवलेल्या पितळी गौरीकडं तिनं एकदा बघितलं आणि नजर खाली घेतली.

दुपार उतरताना बायका जमल्या. अत्तर, गुलाबपाणी, हळदकुंकू झालं. माजघरात ओळ बसली. शेवटी निपाणीची मावशी, आणि तिच्याशेजारी पदर कपाळापर्यंत ओढलेलं ते जांभळं लुगडं.

विनोदिनीनं कैरीची डाळ वाढली, पन्हं वाढलं, मग द्रोण. शेवटचा द्रोण तिनं त्या लुगड्यापुढं ठेवला. पदराआडून मुलीनं तिला ओळखून डोळ्यांनीच हसून दाखवलं.

"काय चव आहे गं विनोदिनीच्या हाताला!" राधक्का म्हणाल्या. "फळांशी हिचं असं सख्य, आणि स्वतःला मात्र एक फळ धरेना."

एक-दोघी फसकन हसल्या.

"असू दे हो," तुंगाबाई हळूच म्हणाल्या. "बोलू नये. आधीच ती मनाला लावून घेते."

सुनंदानं घास घेतला. विनोदिनी पन्ह्याचा तांब्या हातात धरून उभी होती. ती तिच्या ओठांकडंच बघत होती. घास तोंडात गेला आणि मुलीचा जबडा थांबला. डोळे विस्फारले, मग त्यात पाणी भरलं. मानेची शीर उभी राहिली. विनोदिनीच्या मनात आलं, आता, आता थुंकेल. मुलीनं मान वर केली. ज्या बाईनं मीठ शेवटी घालायचं शिकवलं तिच्याकडं बघितलं, नुसतं 'का?' असं. आणि गिळलं.

दुसरा घास घेतला. तिसरा. गालावरून ओघळणारं पाणी पदरानं टिपत तिनं तो द्रोण शेवटच्या खोबऱ्याच्या किसापर्यंत संपवायला घेतला.

"रडायला काय झालं गं?" मावशीनं कोपरानं ढोसलं.

"मिरची लागली," सुनंदा म्हणाली. कोशिंबिरीत मिरची नव्हतीच.

तुंगाबाई उठल्या. सगळ्यांची विचारपूस करत करत ओळीच्या टोकाला आल्या, मुलीच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला, आणि द्रोणात उरलेल्यातली चिमूटभर कोशिंबीर दोन बोटांनी उचलून सहज तोंडात टाकली. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. त्यांनी ती सावकाश चावली, गिळली, वर पाणीही घेतलं नाही. मग विनोदिनीजवळ येऊन तिच्या कानाशी लागल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सासू सुनेचं कौतुक करतेय.

"एकाच द्रोणात घातलीस ना? बाकी सगळ्यांना गोड. काकडीची चूक असती तर सगळ्यांत आली असती." त्यांचा श्वास तिच्या मानेला लागत होता. "गौरीच्या दिवशी, आईबाप नसलेल्या पोरीला प्रसादातून कडू चारलंस. मी आता नुसता तो द्रोण राधक्कांच्या हातात दिला, तर उद्या या गल्लीत तुला वेडी म्हणतील की चेटकीण, ते तूच ठरव. उपेंद्राला कळलं तर तोही तुझी बाजू घ्यायचा नाही. आणि मला थोरल्यांनी कारलं वाढलं होतं, उकडून, मिठाशिवाय. मी सगळं खाल्लं. म्हणून तर या घरात टिकले. तू आज माझं कामच केलंस बाई. पोरगी कशी निघेल, याचीच मला काळजी होती." त्या मागं सरल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "चल, ओट्या भर. उन्हं कलली."

सूप तिच्या हातात आलं. भिजवलेले हरभरे, खण, एकेक फळ. पहिलीची ओटी, दुसरीची, राधक्कांची. हात आपलाच आहे, असं वर्षभर ती स्वतःला सांगत आली होती. तो आता कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा चालत होता. ओळीच्या टोकाला आली तेव्हा सुनंदानं पदर पसरला. विनोदिनीनं तिच्या ओटीत हरभरे घातले, खण घातला, वर एक काकडी ठेवली. चांगल्यातली.

"बघितलंत ना सगळ्यांनी?" तुंगाबाई म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला होता त्यांनी. "माझ्या विनोदिनीनं आपल्या हातानं सवतीची ओटी भरली. आम्ही कुणी बळ केलं नाही. असं मन असावं बाई."

बायकांच्यात कुजबूज झाली. मग राधक्का म्हणाल्या, "धन्य आहे हो." आणि सगळ्याच म्हणाल्या.

सुनंदानं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडत गेला. "तुम्ही?" तिचे ओठ हलले. "पडवीतली... ती तुम्ही?"

"पाया पड थोरलीच्या," मावशीनं तिची मान खाली दाबली.

मुलीचं कपाळ विनोदिनीच्या पावलांना टेकलं. लहान मुलाला ताप असावा तसं ते गरम होतं. सगळ्या वाट बघत होत्या. नमस्कार घेतला की आशीर्वाद द्यावा लागतो, आणि अशा वेळी द्यायचा आशीर्वाद एकच असतो.

"अष्टपुत्रा सौभाग्यवती भव," विनोदिनी म्हणाली. एक शब्द कमी करायची तिची प्राज्ञा नव्हती.

दिवेलागणीला मालुबाई पाटी न्यायला परसदारी आली. निपाणीची मंडळी तोवर मोटारीच्या वेळेला निघून गेली होती. विनोदिनी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. तिनं बसल्या जागेवरून सालपटांची टोपली पुढं सरकवली.

मालुबाईनं हात घालून खालवर करून बघितलं. "का वो वैनी, कडू निघालीच न्हाय एकबी?"

"निघाली."

"मग गेली कुठं? म्हशीला न्हेनार हुतो न्हवं मी?"

"खाल्ली."

"आत्ता गं बया! असली कडू काकडी? कुनी खाल्ली?"

आत तुंगाबाईंची सांजेची आरती सुरू झाली होती. आवाज मऊ, एका सुरात.

"घरच्याच माणसानं," विनोदिनी म्हणाली.